गुरुवारचं पाणी

१

दर गुरुवारी दुपारच्या अजानीआधी मी एकतीस पायऱ्या उतरून आंघोळीला जाते. बावीस वर्षं झाली. ताप असो, बर्फ पडो, घरात पाहुणे असोत, गुरुवार चुकलेला नाही. गावातल्या बायका घरी पाणी तापवून सुखाने न्हातात. मी जमिनीखाली गारढोण वाहत्या पाण्यात बसते, कारण ते पाणी माझा नवरा आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी अडवणार नाही.

आमचं गाव दर्रेबीद. डोंगराच्या पोटातून, आमच्या आज्यापणज्यांनी हाताने खणलेला एक लांबच लांब बोगदा गावापर्यंत येतो. त्याला आम्ही कारीज म्हणतो. वर डोंगरात, जिथे पाणी पहिल्यांदा लागतं, ती त्याची आईविहीर, तिथून उतार धरून पाणी आपलं आपण चालत येतं. ना पंप, ना वीज. अक्रोड, डाळिंबं, गव्हाचे पट्टे, गुरंढोरं, माणसं, सगळी त्याच्यावर. गावाच्या वरच्या अंगाला एका जागी त्या पाण्यापर्यंत उतरायला दगडी पायऱ्या आहेत. वर जाड लाकडी दार, त्याला कुलूप. किल्ली एकच आणि ती माझ्या कमरेला.

खाली, पाण्याच्या काठावर, भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात माझा साबण असतो. गावात शिजवलेला, चरबीचा, पिवळट. तो मी घरी आणत नाही, तिथेच ठेवते. एक वडी मला तीन महिने पुरते. हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला नवी वडी ठेवली आणि पुढच्या गुरुवारी ती अर्धी झालेली दिसली. उंदीर असेल, म्हटलं. चरबी म्हटल्यावर उंदीर सोडतोय थोडाच. पण उंदराने खाल्लं की दात दिसतात. ही वडी गुळगुळीत होती, हातात धरून वापरावी तशी. आणि मधोमध एक खळगा होता, अंगठा दाबून दाबून पडतो तसा. मी माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला. खळगा मोठा होता.

मी आंघोळ केली, कपडे घातले, वर आले आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं. कुणाला काही बोलले नाही. एकट्या बाईने अशा गोष्टी बोलायच्या नसतात, लोक लगेच डोक्याला हात लावून बघतात.

२

माझा पहिला नवरा खुदादाद. तो मुकन्नी होता, म्हणजे कारीज खणणारा आणि साफ करणारा. मुकन्नी खाली उतरताना पांढरे कपडे घालतो. खाली माती कोसळली तर वेगळं कफन लागू नये म्हणून. खुदादाद यावरून विनोद करायचा. म्हणायचा, बाकीच्यांना मेल्यावर नवे कपडे मिळतात, मला रोज मिळतात. साबण धरायची त्याची एक खोड होती, मधोमध अंगठा रुतवून धरायचा. त्यावरून मी त्याच्याशी भांडायची, वडी मोडते म्हणून. आमच्या लग्नाच्या अकराव्या वर्षी तो आईविहिरीकडच्या बोगद्यात उतरला. वर रहाटावर त्याचा धाकटा भाऊ हैबत बसला होता. दोर हलका झाला आणि हलकाच राहिला. आठ दिवस खणलं. पाणी मिळालं, खुदादाद मिळाला नाही.

पुढे तीन वर्षांनी कारीज आटायला लागला. आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात की काही कारीज नर असतात. नर कारीज एकटा पडला की रुसतो, पाणी आवरून घेतो. त्याला बायको करून द्यावी लागते. विधवा चालते. तिने नेमाने त्याच्या पाण्यात न्हायचं, आणि दुसरा दादला करायचा नाही. बदल्यात सुगीला घरटी एक परात गहू. गावाने मला विचारलं. विचारलं कसलं, सगळं ठरवूनच आले होते. मी छत्तीस वर्षांची होते, पोरबाळ नव्हतं. म्हटलं, ठीक आहे. खुदादाद ज्या पाण्यात राहिला त्याच पाण्यात मीही जाईन, काय बिघडतं.

मुल्लाने खरोखरचा निकाह लावला. वधूला तीनदा विचारायची रीत आहे. पहिल्यांदा विचारलं तेव्हा बायका ओरडल्या, नवरी फुलं वेचायला गेलीय. दुसऱ्यांदा विचारलं, नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय. तिसऱ्यांदा मी होय म्हटलं. कारिजाच्या वतीने हैबतने होय म्हटलं. मेहेर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायचा हक्काचा वाटा, काय लिहायचा, असं मुल्लाने विचारल्यावर सगळे हसायला लागले. तेव्हा हैबतच म्हणाला, लिहा, गुरुवारचं पाणी वहिनीचं, ती जिवंत असेतो. गावाच्या पाणीवाटपाच्या कागदावर, सगळ्यांच्या वाट्यांच्या खाली, तीही ओळ हसत हसत लिहिली गेली. गावाचा शिक्का बसला. बावीस वर्षं त्या ओळीकडे कुणी पाहिलं नाही.

आणि पाणी वाढलं, बरं का. हिम वितळलं म्हणून वाढलं असेल, मीही तेच मानते. पण वाढलं. मला कमरेपर्यंत येत होतं.

३

ते पाणी खाली कसं गेलं ते सांगते. आमच्यापासून दीडशे किलोमीटरवर मोठं शहर आहे. त्याचं नाव मी घेत नाही, आमच्याकडे आता कुणीच घेत नाही. त्या शहराला तहान लागली. मग पाणी खात्याच्या गाड्या आल्या, आणि पाच वर्षांत आमच्या खोऱ्यात सहा खोल विहिरी झाल्या. जाडजूड पाइप, माणूस आत झोपेल एवढा. पहिल्या विहिरीनंतर माझ्या पोटरीपर्यंत पाणी उरलं. चौथ्यानंतर घोट्यापर्यंत. सहाव्यानंतर मी वाटीने अंगावर घेऊ लागले.

मी एकदा त्या शहरात गेले होते, डोळे तपासायला. चौकात कारंजं उडत होतं. दुकानापुढे एक माणूस नळी धरून फुटपाथ धूत होता, आणि धुऊन झाल्यावरही गप्पा मारत तसाच उभा होता, पाणी गटारात चाललेलं. मी त्याला विचारलं, बाबा, हे पाणी येतं कुठून? त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, नळातून. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की डोळे न तपासताच परत आले.

तर गेल्या उन्हाळ्यात सातव्या विहिरीची बोलणी सुरू झाली. ती आईविहिरीच्या अगदी शेजारी हवी होती. पण कारीज वाहता असेल तर त्याच्या हद्दीत विहीर खणता येत नाही, असा नियम आहे. म्हणून गावाने कारीज सोडला असं लिहून द्यायचं, बदल्यात गावाला नळ मिळणार. पाण्यात वाटा असलेल्या सगळ्यांनी सह्या केल्या. शेवटची ओळ राहिली. गुरुवारचं पाणी, खावर, खुदादादची विधवा. म्हणजे मी.

इंजिनियर फरहमंद स्वतः माझ्या घरी आला. पस्तिशीचा, गोरा, घाम पुसत. वाईट माणूस नव्हता. मी चहा ठेवला, त्याने अंगणात हात धुतले आणि साबणाचा वास घेऊन नाक मुरडलं, मग लाजला. म्हणाला, आई, रागावू नका, आमच्या घरी गुलाबी साबण लागतो, गुलाबाच्या वासाचा. त्याची चार वर्षांची मुलगी, तरलान, ती मिठाई समजून साबणाला चावली म्हणे. चार दात स्वच्छ उमटले. बायकोने ती वडी वापरून संपवू दिली नाही, गंमत म्हणून न्हाणीघरात ठेवलीय. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. मग त्याने कागद पुढे केला आणि शाईचा डबा उघडला.

मी म्हटलं, मी अंगठा देणार नाही.

त्याने खूप समजावलं. शहरात चाळीस लाख माणसं आहेत, आई, तीही तहानलेली आहेत, त्यांच्यातही मुलं आहेत. मी म्हटलं, आहेत की. पण तहान तुमची आणि मरायचं आम्ही, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? त्यांची कारंजी बंद करून या, मग बोलू. तेव्हा त्याचा सूर बदलला. म्हणाला, ठीक आहे, नका देऊ. चार आठवड्यांनी गुरुवारी सकाळी मी पाहणीला येईन. त्या दिवशी कारिजात पाणी वाहत असेल तर तुमचा वाटा कायम आणि विहीर रद्द. कोरडा असेल तर तुमची ती ओळ आपोआप मेली. त्याने वहीत तारीख घातली आणि चहा अर्धा टाकून उठला. मी त्याचा पेला तीनदा घासला.

४

मी साबणाचा छडा लावायचं ठरवलं. नवी वडी ठेवली, तिच्यावर माझ्या डोक्याचा एक केस आडवा चिकटवला. दाराला पिठाचा बारीक पट्टा ओढला. कारीज गावात उघडतो त्या तोंडाकडून कुणी सरपटत येत असेल म्हणावं, तर तिथे हैबतने कुत्री शिरू नयेत म्हणून केव्हाच गज बसवलेत. एक मांजरही आत जाणार नाही.

पुढच्या गुरुवारी पीठ जसंच्या तसं होतं. खाली वडी झिजलेली, केस गायब, अंगठ्याचा खळगा पार तळापर्यंत गेलेला. आणि खालून तिसऱ्या पायरीवर एक ओलं पाऊल उमटलेलं, बोटं वरच्या दिशेने.

पहिला विचार आला तो खुदादादचा. काय लपवायचं, छाती भरून आली माझी. मी गुडघ्यावर बसून पाऊल पाहिलं. खुदादादचे पाय मी अकरा वर्षं चेपले होते, रुंद, टाचा भेगाळलेल्या. हे पाऊल अरुंद होतं, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढं लांब, आणि त्याची पाचही बोटं सारख्याच लांबीची होती. साबणावरचा अंगठा त्याचा होता, पाऊल त्याचं नव्हतं. मी ओढणीच्या टोकाने ते पुसलं. उन्हाळ्यात दगड किती वेळ ओला राहतो? मी आंघोळ करून परत येईतो पाऊल पुन्हा तिथेच होतं, तसंच ओलं.

मी स्वतःला सांगितलं, दगडातून पाझर असेल. पाझराला आकार येतो कधी कधी. भिंतीच्या ओलीत आपल्याला उंट दिसतो, तशातला प्रकार. असं म्हणत मी एकतीस पायऱ्या चढले, आणि सबंध चढताना मागे वळून पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात खात्याने माणुसकी म्हणून गावाला एक टँकर पाठवला. औषधाचा वास मारणारं पाणी. बायका घागरी घेऊन धावल्या. आमच्याच डोंगरातलं पाणी शहरात नेऊन, त्यात औषध कालवून, पुन्हा आम्हालाच उपकार म्हणून आणून दिलं होतं. मी एक घागर भरून घेतली आणि प्यायले नाही, कोपऱ्यात ठेवून दिली.

दुसऱ्या गुरुवारी पावलं सतराव्या पायरीवर पोचली होती. पाणी बोटभर. मी हिशेब जुळवला, कारण मनाला दुसरं काही करता येत नव्हतं. पाणी जितकं खाली जात होतं, तितकं ते वर येत होतं.

संध्याकाळी हैबत आला. पाण्याची पाळी लावायचं काम गावाने त्याच्याकडे दिलेलं, चाळीस वर्षं इमानाने केलेलं. मशहदची जियारत, म्हणजे यात्रा, करून आलेला, म्हणून सगळे त्याला मश हैबत म्हणतात. दारातच बसला, आत येईना. म्हणाला, अक्रोडाची पानं गळायला लागली, आता नळ आला तर निदान प्यायला तरी मिळेल, मुल्लाला बोलावतो, कारिजाच्या वतीने मी तलाक म्हणतो, तुम्ही मेहेर सोडल्याचा अंगठा द्या. मी विचारलं, तुम्ही माझ्याकडे का पाहत नाही, मश हैबत?

त्याने पायातली चप्पल काढून सरळ लावली. मग म्हणाला, "वहिनी, माझ्या अंगणात तो जुना रहाट पडलाय ना, दादाचा. बावीस-पंचवीस वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही. रोज सकाळी त्याचा दोर ओला असतो. सोडा त्याला. तलाक झाला की तो कुणाचाच नाही, आपला आपण जाईल."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तुम्हाला पाणी हवं होतं तेव्हा मला दिलंत. आता नळ हवा, तर मला काढून घेताय. मी काय बादली आहे? माझा माणूस आजारी आहे, तहानेने वेडापिसा झालाय, आणि मी त्याला अशा वेळी सोडू? तुम्ही एकदा दोर सोडलात, मी सोडणार नाही."

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. हैबतने दोर सोडला नव्हता, ते मलाही ठाऊक आहे. तो उठला आणि भिंतीला धरून धरून घरी गेला.

५

पाहणीच्या आधीचा गुरुवार. कुलूप काढलं तर दार हलेना. लाकूड ओलाव्याने फुगलं होतं. बाहेर सगळं रान करपलेलं, आणि हे दार आतून भिजून फुगलेलं. खांदा लावून ढकललं. आतल्या बाजूला, माझ्या छातीच्या उंचीवर, फळीवर पंजा उमटला होता. एकतिसाव्या पायरीवर दोन्ही पावलं शेजारी शेजारी. दाराला टेकून कुणी उभं राहावं, तशी.

आता सांगते, मी घाबरले.  परत फिरावं, हैबतला हाक मारावी, मुल्लाला बोलवावं, अंगठा देऊन मोकळं व्हावं, सगळं मनात येऊन गेलं. मग माझं मलाच वाईट वाटलं. नवरा दारात आला म्हणून बायको पळून गेली, असं खोऱ्यात कुणी कधी ऐकलं नसेल. मी घरी गेले, कोपऱ्यातली ती टँकरची घागर उचलली आणि डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरले.

खाली पाणी नव्हतं. तळ कोरडा, चिखलाला भेगा. इतकी वर्षं मी ज्या आवाजात न्हाले तो आवाज नव्हता, आणि माझाच श्वास मला परक्याचा वाटत होता. पायऱ्यांच्या तोंडाशी वरून थोडा उजेड येतो, तो बोगद्यात दोन हात जातो. पुढे वळण आहे.

मी कपडे उतरवले, कारण रीत ती रीत. कोरड्या तळावर बसले आणि घागरीतलं थोडं पाणी अंगावर घेतलं. ते भेगांत गेलं आणि गिळल्याचा आवाज झाला. एकदा, दोनदा. तान्हं मूल पिताना करतं तसा. मी आणखी ओतलं. बोगद्याच्या वळणावर काहीतरी पांढरं हलायला लागलं.

पाठ होती ती. पांढऱ्या भिजलेल्या सदऱ्यातली, वाकलेली पाठ. मुकन्नी बोगद्यात असंच वाकून चालतात. वळणाच्या एका बाजूने ती आली आणि दुसऱ्या बाजूला जायला लागली. मी वाट पाहिली, आता कंबर दिसेल, आता पाय दिसतील. पाठ संपतच नव्हती. मी सात श्वास घेतले तरी ती सरकतच होती, सदऱ्याची तीच शिवण, तोच मणका, पुन्हा तोच, पुन्हा तोच. मग ती थांबली, आणि मला कळलं की ती आता वळणार आहे.

"वळू नकोस," मी म्हटलं. आवाज कुठून आला मला माहीत नाही, पण आला. "तुझं तोंड मला बघायचं नाही. तू खुदादाद असशील तर का बघायचं नाही ते तुला कळेल, आणि नसशील तर मला बघायचंच नाही. माझ्या दाराशी येऊन उभा राहतोस? मी घेतलंय का तुझं पाणी? बावीस वर्षं मी तुझ्यापाशी येते, म्हातारी झाले तुझ्या थंडीत. मला घाबरवून तुला काय मिळणार?"

पाठ हलली नाही. मी घागर उलटी केली, राहिलेलं सगळं पाणी भेगांत ओतलं. औषधाचा उग्र वास बोगदाभर पसरला.

"हे तुझं पाणी आहे. ओळखलंस? वास घे. असा वास जिथून येतो तिथे नेलंय त्यांनी. वर चढू नकोस, वर काही नाही, वर आम्हीच तहानेने मरतोय. खाली जा, पाइपातून जा, जिकडे पाणी गेलं तिकडे जा, आणि तुझं तू घेऊन ये. तलाक मी देत नाही. पुढच्या गुरुवारी मी इथे असेन आणि मला पाणी लागेल."

मी कपडे घातले. घाईने नाही, सगळी बटणं लावून. पायऱ्या चढताना पाहिलं, तर पावलं तशीच ओली होती, प्रत्येक पायरीवर. फक्त बोटं आता खाली वळलेली होती.

६

मधल्या आठवड्यात काही घडलं नाही. मी दार उघडलं नाही, पण बाहेरून त्याला कुठे ओल दिसली नाही. हैबत स्वतःहून सांगायला आला की रहाट कोरडा आहे, आणि मी त्याची माफी मागितली. रेडिओवर सांगितलं, शहराच्या दक्षिण भागात पाण्याचा दाब कमी झालाय, नागरिकांनी सहकार्य करावं. मी रेडिओला म्हटलं, करतील हो.

गुरुवारी सकाळी इंजिनियर फरहमंद आला, दोन रात्री झोपला नसावा असा. हातात मोठी बॅटरी. अर्धं गाव दारापाशी जमलं होतं. मी कुलूप काढलं. दार सहज उघडलं, आणि खालून आवाज आला. तो आवाज ऐकून हैबत मटकन खाली बसला आणि रडायला लागला. पाणी वाहत होतं.

मी आणि इंजिनियर उतरलो. पाणी माझ्या गुडघ्याएवढं, दमदार, आणि सबंध बोगद्यात औषधाचा तोच उग्र वास. त्याने वाटीत पाणी घेतलं, हुंगलं, चाखलं, थुंकलं. म्हणाला, हे शुद्ध केलेलं पाणी आहे. हे शक्य नाही, हे तर तिकडचं आहे, इकडे उलटं कसं येईल? मी म्हटलं, इंजिनियर तुम्ही, मला काय विचारता? तुमच्या वहीत तारीख आहे, वार आहे. वाहतंय की नाही तेवढं लिहा.

त्याने बॅटरी भिंतीवरून फिरवली आणि कोनाड्यापाशी ती थांबली. माझ्या पिवळ्या वडीशेजारी दुसरी वडी होती. गुलाबी. ती अर्धी झिजली होती, मधोमध अंगठ्याचा खोल खळगा. एका कडेला चार दात उमटलेले, छोटे छोटे, स्वच्छ.

त्याने बॅटरी आणखी जवळ नेली. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. लेकराचे दात ते. त्याने त्या खुणांवरून बोट फिरवलं, न टेकवता. मग एवढंच म्हणाला, "हा इथे कसा आला?"

मी म्हटलं, "पाण्याबरोबर. इथून तुमच्याकडे जातं ना पाणी, त्याच वाटेने. तुम्हाला काय वाटलं, तुमच्याकडे नळातून येतं?"

तो म्हणाला, चार दिवस झाले, बायको विचारत होती साबण कोण वापरतंय, मी म्हटलं तरलान खेळत असेल. काल तो दिसेनासा झाला. हे सांगताना तो माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी आता काहीतरी सोपं कारण सांगेन. माझ्याकडे सोपं कारण नव्हतं. होतं ते सांगितलं.

"आधी साबण झिजतो. मग पावलं दिसतात. तुमच्या न्हाणीघरापासून मुलीच्या खोलीपर्यंत किती पावलं आहेत?"

त्याचे ओठ हलले. मोजत होता. म्हणाला, नऊ. नऊ किंवा दहा.

"मग वेळ आहे अजून," मी म्हटलं. "विहिरी बंद करा. सगळ्या करा असं म्हणत नाही, तहान तुम्हालाही आहे. पण त्याच्या वाट्याचं त्याला ठेवा. त्याचं पाणी त्याच्या घरी असलं की तो कुठे जात नाही, बावीस वर्षं मी बघतेय."

तो म्हणाला, माझ्या हातात नाही ते, आई, वर साहेब आहेत, मंत्री आहेत. मी म्हटलं, त्यांच्याही घरी नळ असेलच.  पायरीवर बसून त्याने गुडघ्यावर वही ठेवली आणि लिहिलं, कारीज जिवंत, प्रवाह चांगला, विहीर नामंजूर. तारीख घातली, वार घातला. सही वाकडी आली. गुलाबी वडीला त्याने हात लावला नाही.

हिवाळ्याच्या आत सहापैकी तीन विहिरी थांबल्या. मशीन बिघडलं म्हणे. फरहमंदने नोकरी सोडल्याचं कानावर आलं, मुलगी सुखरूप आहे असंही कळलं, आणि मी त्या रात्री पहिल्यांदा नीट झोपले. उरलेल्या तीन विहिरी अजून चालू आहेत. पाणी माझ्या मांड्यांपर्यंत येतं, कमरेपर्यंत नाही.

म्हणून मी अजून जाते, दर गुरुवारी, दुपारच्या अजानीआधी. तलाक दिलेला नाही. कोनाड्यात आता जागा पुरत नाही, हैबतने दुसरा कोरून दिलाय. हिरव्या वड्या येतात, निळ्या येतात, कुठल्या कुठल्या घरांतल्या, वासाच्या, महागाच्या. पाण्याबरोबर येतात आणि काठाला लागतात. सगळ्यांच्या मधोमध खळगा असतो. माझी पिवळी वडी मात्र आता पुन्हा तीन महिने पुरते.